गाडी लाखांची, तहान तेलाची

दारात आलिशान एसयूव्ही उभी राहिली की गाडीची चिंता मिटली, असे बहुतेकांना वाटते. पण तिचे इंजिनच गुपचूप ऑइल पीत असेल तर? ‘हे नॉर्मल आहे’ या उत्तरावर समाधान मानण्यापूर्वी मालकाला काही गोष्टी माहीत असायलाच हव्यात.

नवी गाडी घरी येते तो दिवस सणासारखाच असतो. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले जाते, हार चढतो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, शेजारीपाजारी पेढे वाटले जातात. त्यातून गाडी एखादी आलिशान एसयूव्ही असली तर विचारायलाच नको. कुटुंबाची कित्येक वर्षांची बचत किंवा पुढच्या पाच-सात वर्षांचे हप्ते तिच्यात गुंतलेले असतात.

आणि मग चार-सहा महिन्यांतच, सारे कुटुंब सुट्टीच्या प्रवासाला निघालेले असताना, समोरच्या पडद्यावर पिवळा दिवा लागतो. इंजिन ऑइल कमी झाले आहे, एक लिटर भरा! पुढच्या सर्व्हिसिंगला अजून कितीतरी हजार किलोमीटर बाकी असतात. गाडी जिथे उभी राहते तिथल्या फरशीवर गळतीचा एक थेंबही नसतो. मग ऑइल गेले कुठे?

सर्व्हिस सेंटरमध्ये गार पाणी मिळते, गरम कॉफी मिळते. उत्तर मात्र एका ओळीचे असते, ‘‘सर, या इंजिनाला एवढे ऑइल लागतेच. नॉर्मल आहे.’’ मालक घरी परततो, पण मनातली शंका जात नाही. वडिलांच्या साध्या गाडीने दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये कधी ऑइल मागितले नव्हते. मग तिच्या दहापट किमतीच्या गाडीला ते का लागावे?

शंका रास्त आहे. हीच शंका अमेरिकेतल्या हजारो गाडीमालकांना आली होती आणि त्यातील काही प्रकरणे थेट न्यायालयापर्यंत गेली. त्यांची हकिकत पाहण्याआधी ऑइल जाते कुठे, ते समजून घेऊ.

ऑइल जाते कुठे?

इंजिन ऑइल हे पेट्रोल-डिझेलसारखे जळण्यासाठी नसते. एकमेकांवर घासणाऱ्या भागांत पातळ थर करून राहणे, उष्णता वाहून नेणे आणि काजळी, कचरा स्वतःत सामावून घेणे हे त्याचे काम. ते इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधून पंपाने वर जाते आणि पुन्हा खाली येते.

सिलिंडरच्या आत पिस्टन मिनिटाला हजारो वेळा वर-खाली होत असतो. त्याच्याभोवती साधारणपणे तीन रिंगा असतात. वरच्या दोन रिंगा जळत्या वायूचा दाब रोखतात. तिसरी रिंग सिलिंडरच्या भिंतीवरचे जादा ऑइल खरवडून बारीक छिद्रांवाटे खाली सोडते. एवढे करूनही भिंतीवर ऑइलचा अगदी पातळ थर उरतोच आणि त्यातले थोडेसे जळतेही. म्हणून थोडेफार ऑइल प्रत्येक इंजिन खाते. प्रश्न ‘खाते का’ हा नसून ‘किती खाते’ हा आहे.

तिसऱ्या रिंगेची छिद्रे काजळीने बुजली किंवा रिंग खाचेत चिकटून बसली की खरवडलेले ऑइल खाली जाऊ शकत नाही. ते वर राहते आणि जळून जाते. दुसरी वाट व्हॉल्व्हच्या दांड्यांवरील लहानशा सीलमधून असते. सततच्या उष्णतेने हे सील कडक होतात आणि ऑइल थेंबाथेंबाने सिलिंडरमध्ये उतरते. तिसरी वाट टर्बोची. टर्बोचे चक्र मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकते आणि त्याच्या बेअरिंगला हेच ऑइल पुरवले जाते. ते बेअरिंग किंवा सील झिजले की ऑइल हवेच्या किंवा धुराच्या नळीत शिरते. चौथी वाट इंजिनातली वाफ पुन्हा आत खेचून घेणाऱ्या व्हॉल्व्हची. तो बिघडला तर वाफेबरोबर ऑइलही खेचले जाते.

जुने मेकॅनिक धुरावरून रोग ओळखत. सकाळी गाडी सुरू करताच निळसर धूर आला किंवा लांबलचक घाट उतरल्यावर ॲक्सिलरेटर दाबताच तो दिसला तर व्हॉल्व्हचे सील. चढावर जोर लावताना सतत आला तर रिंगा किंवा टर्बो. आजच्या गाड्यांत मात्र धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ऑइलचा बराचसा धूर गिळून टाकते. त्यामुळे धूर दिसत नाही म्हणून ऑइल जळत नाही, असे समजणे चुकीचे आहे.

आलिशान गाडीलाच का?

गाडी जितकी महाग तितकी निर्दोष, हा समज इथे उपयोगी पडत नाही. अशा एसयूव्हीचे वजन दोन टनांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. तिला स्पोर्ट्स कारसारखा वेग हवा असतो आणि त्याच वेळी इंधनाच्या व प्रदूषणाच्या कडक नियमांतही बसायचे असते. मग इंजिन तुलनेने लहान ठेवून त्यावर एक किंवा दोन टर्बो बसवले जातात. घर्षण कमी व्हावे म्हणून रिंगांचा ताण कमी केला जातो, ऑइलही पाण्यासारखे पातळ वापरले जाते. या प्रत्येक गोष्टीने थोडे इंधन वाचते, पण ऑइल रोखून धरणारा पहारा तेवढाच सैल होतो.

त्यातच ऑइल बदलण्याची मुदत लांबवली गेली. देखभालीचा खर्च कमी आहे असे जाहिरातीत सांगायला ते बरे दिसते. पण उष्णतेत जास्त काळ राहिलेले ऑइल जळून त्याची काजळी होते आणि तीच रिंगांची छिद्रे बुजवते.

एका इंजिनाची कहाणी

याचे बोलके उदाहरण म्हणजे बीएमडब्ल्यूचे एन६३ इंजिन. ४.४ लिटरचे, आठ सिलिंडरचे आणि दोन टर्बोंचे हे इंजिन २००८ साली एक्स६ या एसयूव्हीतून बाजारात आले. पुढे ते एक्स५ मध्ये आणि कंपनीच्या मोठ्या सेडान गाड्यांतही बसवले गेले. सिलिंडरच्या दोन रांगा इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या असतात. एरवी टर्बो या रांगांच्या बाहेर असतात. इथे ते दोन रांगांच्या मधल्या खोबणीत बसवले होते. त्यामुळे इंजिन आटोपशीर झाले, ॲक्सिलरेटरला प्रतिसाद झटपट मिळू लागला. पण लालबुंद होणारे दोन टर्बो इंजिनाच्या ऐन मध्यभागी आल्याने तिथली उष्णताही वाढली.

अमेरिकेत ऑइल जास्त लागते, अशा तक्रारी येऊ लागल्या. डिसेंबर २०१४ मध्ये कंपनीने तिथल्या ग्राहकांसाठी खास योजना जाहीर केली. टायमिंग चेन, इंजेक्टर व इतर भाग तपासून गरजेप्रमाणे बदलून देण्याचे ठरले. त्याबरोबरच ऑइल बदलण्याची मुदतही कमी करण्यात आली. आधी ती १५,००० मैल किंवा दोन वर्षे होती. आता ती १०,००० मैल किंवा एक वर्ष झाली.

२०१५ साली मालकांनी न्यू जर्सीतील न्यायालयात सामूहिक दावा दाखल केला. कंपनीने आपली चूक मान्य केली नाही, पण तडजोड झाली आणि २०१८ मध्ये न्यायालयाने तिला अंतिम मंजुरी दिली. ऑइलच्या खर्चाची भरपाई, ऑइलच्या खपाची तपासणी आणि ठरावीक अटींवर इंजिन दुरुस्ती किंवा बदलीत मदत असे तिचे स्वरूप होते. त्याआधी ऑडीच्या काही गाड्यांतील २.० लिटर टर्बो इंजिनाबाबतही अमेरिकेत असाच दावा होऊन तडजोड झाली होती.

एक प्रकरण थेट ज्यूरीपर्यंत गेले. जनरल मोटर्सच्या २०११ ते २०१४ या मॉडेल वर्षांतील टाहो, सबर्बन, युकॉन या भल्यामोठ्या एसयूव्ही आणि काही पिकअप गाड्यांत ५.३ लिटरचे व्ही-८ इंजिन होते. त्याच्या पिस्टन रिंगा सदोष असल्याने ऑइल जळते, असा मालकांचा आरोप होता. कंपनीने तो नाकारला. ऑक्टोबर २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील ज्यूरीने सुमारे ३८,००० मालकांच्या बाजूने कौल दिला आणि प्रत्येकी २,७०० डॉलर, म्हणजे एकूण १० कोटी २६ लाख डॉलर भरपाई ठरवली.

‘नॉर्मल’चा हिशेब

या सगळ्या वादांच्या मुळाशी एकच शब्द होता, नॉर्मल. तो कुठून येतो, हे पाहण्यासारखे आहे.

बीएमडब्ल्यूची अमेरिकेतील भूमिका अशी होती, की तिच्या साध्या इंजिनाला ७५० मैलांमागे एक क्वार्टपर्यंत ऑइल लागू शकते. म्हणजे सुमारे १,२०० किलोमीटरला जवळजवळ एक लिटर. आता घरगुती हिशेब मांडून पाहा. ऑइल बदलण्याची जुनी मुदत १५,००० मैलांची. तेवढ्या अंतरात या मर्यादेत राहूनही गाडी २० क्वार्ट, म्हणजे सुमारे १९ लिटर ऑइल जाळू शकते. इंजिनात ऑइल मावते साडेआठ लिटरच्या आसपास. म्हणजे दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये इंजिन आपल्या पोटातले सारे ऑइल दोनदा संपवील, तरीही कागदोपत्री ते नॉर्मलच!

फोक्सवॅगन समूहाच्या माहितीपुस्तिकांत हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतची मर्यादा आढळते. या हिशेबाने दहा हजार किलोमीटरला पाच लिटर झाले.

मग या आकड्यांचा अर्थ काय? ही मर्यादा म्हणजे तब्येत चांगली असल्याचा दाखला नव्हे. वॉरंटीत दुरुस्ती कधी करून द्यायची, याची ती कंपनीने आखलेली रेषा आहे. रेषेच्या आत असलेले इंजिनही आजारी असू शकते. हजार किलोमीटरला पाव लिटर खाणारी गाडी सहा महिन्यांनी अर्धा लिटर खाऊ लागली तर ती अजून ‘नॉर्मल’च आहे, पण खप दुप्पट झाला आहे. घरच्या माणसाचा ताप जसा आपण कालच्या तापाशी ताडून पाहतो, तसेच हे आहे. एकट्या आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची.

खरा धोका कशाचा?

नुसत्या ऑइलच्या खर्चाने कोणी कंगाल होत नाही. लिटरला हजार-दीड हजार रुपये धरले तरी वर्षाला काही हजारांचा प्रश्न असतो. खरे नुकसान पुढे होते.

जळालेल्या ऑइलमधील फॉस्फरस, जस्त यांसारखी द्रव्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हळूहळू निकामी करतात. डिझेल गाडीत धूर गाळणाऱ्या फिल्टरमध्ये राख साचते. स्पार्क प्लग काळवंडतात. हे सुटे भाग अतिशय महाग असतात.

त्याहून मोठा धोका ऑइल संपत आल्याचे लक्षातच न येण्याचा. ऑइलची पातळी फार खाली गेली की वळणावर किंवा चढावर पंप हवा ओढतो, दाब कोसळतो आणि बेअरिंग, टर्बो, कॅमशाफ्ट कोरडे पडतात. अशा इंजिनाचे काम काढावे लागले तर बिल लाखांत जाते. हे संकट येते तेही बहुधा घरापासून दूर, भरधाव महामार्गावर, मुलेबाळे गाडीत असताना.

दोन दिव्यांतला फरक म्हणूनच घरातल्या प्रत्येक गाडी चालवणाऱ्याला ठाऊक हवा. पिवळा दिवा म्हणजे ऑइल कमी झाले. सोयीच्या जागी थांबून भरा. तेलाच्या झारीचे चित्र असलेला लाल दिवा म्हणजे ऑइलचा दाब गेला. तेव्हा ‘पुढच्या पंपापर्यंत जाऊ’ असे म्हणू नका. गाडी सुरक्षितपणे कडेला घ्या आणि इंजिन ताबडतोब बंद करा.

पट्टी गेली, सवयही गेली

एके काळी प्रवासाला निघण्यापूर्वी बॉनेट उघडून ऑइलची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, पुसून पाहणे हा रिवाजच होता. अनेक आलिशान गाड्यांतून ही पट्टीच गायब झाली आहे. तिच्या जागी सेन्सर आला आणि पातळी पडद्यावर दिसू लागली. सोय झाली खरी, पण दिवा लागेपर्यंत कोणी पाहीनासे झाले.

सेन्सरलाही मर्यादा असतात. कित्येक गाड्यांत इंजिन तापलेले आणि गाडी सपाट जागी असल्याशिवाय तो नीट माप देत नाही. डिझेल गाडीत आणखी एक फसगत होते. शहरातल्या छोट्या छोट्या फेऱ्यांत न जळलेले थोडे डिझेल ऑइलमध्ये मिसळते. ऑइल कमी होत असते, पण डिझेल वाढत असल्याने पातळी जागच्या जागी दिसते. लांबच्या प्रवासात ते डिझेल उडून जाते आणि पातळी अचानक खाली येते. पातळी कमी न होता वाढत असेल तर तीही आनंदाची नव्हे, तपासणीची गोष्ट आहे.

मालकाने काय करावे?

० दर पंधरा दिवसांनी किंवा हजार किलोमीटरनंतर पातळी पाहा. दर वेळी जागा तीच, सपाट आणि पद्धत माहितीपुस्तिकेत दिलेलीच ठेवा.

० गाडीत एक छोटी वही ठेवा. तारीख, किलोमीटर, पातळी आणि भरलेले ऑइल लिहा. बिल वहीलाच टाचून ठेवा.

० पट्टीवरील किमान आणि कमाल खुणांत बहुधा एक लिटरच्या आसपास अंतर असते. तेव्हा अर्धा लिटर भरा, पाहा, मग लागले तर आणखी भरा. कमाल खुणेच्या वर भरलेले ऑइल फेसाळते आणि तेही नुकसानच करते.

० डब्यावरचा ५डब्ल्यू-३० सारखा आकडा जुळला एवढ्यावर थांबू नका. गाडीच्या कंपनीची मान्यता त्या ऑइलला आहे का, ते पाहा. मान्यतेचा क्रमांक माहितीपुस्तिकेत आणि डब्यावर असतो.

० गाडी अगदी नवी असताना रिंगा बसेपर्यंत, म्हणजे पहिले काही हजार किलोमीटर, खप जास्त असू शकतो. तो पुढे कमी झाला पाहिजे. वाढत गेला तर गप्प बसू नका.

० धुळीचा रस्ता, तुंबलेली रहदारी, छोट्या फेऱ्या हेच रोजचे असेल तर ऑइल मुदतीपूर्वी बदलणे स्वस्तात पडते.

० खप जास्त वाटला तर सर्व्हिस सेंटरकडे लेखी अर्ज देऊन ऑइलच्या खपाची तपासणी मागा. यात ऑइल नेमके भरून झाकणांना खूण किंवा सील करतात आणि ठरावीक किलोमीटरनंतर किती उरले ते मोजतात. निकाल कागदावर घ्या.

० आधी स्वस्त कारणे तपासून घ्या. गळती, वाफेचा व्हॉल्व्ह, टर्बोच्या नळ्या पाहिल्याशिवाय इंजिन उघडायला होकार देऊ नका.

जुनी गाडी घेताना

सहा-सात वर्षे वापरलेली आलिशान एसयूव्ही पुष्कळदा नव्या साध्या गाडीच्या किमतीत मिळते. चकचकीत रंग, चामड्याच्या सीट आणि बॉनेटवरचे नाव पाहून मन पाघळते. पण गाडीची किंमत उतरली तरी तिच्या सुट्या भागांची उतरलेली नसते. हत्ती घेणे एक आणि पोसणे दुसरे.

अशी गाडी पाहायला जाताना आधी सांगून ठेवा, की इंजिन थंड असतानाच ते तुमच्यासमोर सुरू करायचे आहे. आधीच तापवून ठेवलेली गाडी काही खुणा लपवू शकते. सर्व्हिसची बिले मागा आणि दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइल भरल्याच्या नोंदी शोधा. सायलेन्सरच्या तोंडाशी तेलकट काजळी आहे का, ते पाहा. सिलिंडरचा दाब आणि गळती तपासणारी चाचणी करून घ्या. त्यासाठी दिलेले काही हजार रुपये पुढचे काही लाख वाचवू शकतात. विकणारा तपासणीला राजी नसेल तर तेच त्याचे उत्तर समजा.

कायदा काय सांगतो?

आपल्याकडे अमेरिकेसारखी ज्यूरी नाही, पण ग्राहक अगदीच निराधारही नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. डिसेंबर २०२१ च्या नियमांनुसार वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे, ५० लाख ते २ कोटींपर्यंत राज्य आयोगाकडे आणि त्यापुढे राष्ट्रीय आयोगाकडे करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. सारखीच तक्रार असलेले अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र येऊन दाद मागू शकतात. वस्तूतील दोष नुसते पाहून ठरवता येत नसेल तर आयोग तिची तपासणी प्रयोगशाळेकडून करून घेऊ शकतो. सुरुवातीला सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

कित्येक महागड्या गाड्या कुटुंबाच्या कंपनीच्या नावाने घेतलेल्या असतात. तेव्हा ‘ही व्यापारी खरेदी आहे, तुम्ही ग्राहकच नाही’ असे सांगितले जाते. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आलिशान गाडीच्या प्रकरणात असे स्पष्ट केले, की संचालकाच्या वापरासाठी कंपनीने गाडी घेतली, एवढ्यावरून तो व्यापारी उद्देश ठरत नाही.

मात्र आयोगापुढे ‘ऑइल फार लागते हो’ एवढे म्हणून भागत नाही. किती, कधीपासून, किती किलोमीटरला, हे दाखवावे लागते. तिथे ती गाडीतली छोटी वही, टाचलेली बिले आणि तपासणीचा कागद कामाला येतो. वॉरंटी संपण्यापूर्वी दिलेल्या एका लेखी तक्रारीचे मोल, नंतर घातलेल्या शंभर हुज्जतींपेक्षा जास्त असते.

महागडी गाडी घेणे म्हणजे काळजीतून सुटका विकत घेणे नव्हे. गाडी कितीही हुशार झाली, तिला पडदे आले, सेन्सर आले, तरी तिच्या पोटात काय चालले आहे याची नोंद मालकालाच ठेवावी लागते. पुढच्या वेळी कोणी हसून ‘नॉर्मल आहे’ म्हणाले तर रागावू नका. फक्त वही पुढे करा आणि विचारा, ‘‘गेल्या वर्षी पाव लिटर लागत होते, आता अर्धा लागते. मग यातले नॉर्मल कोणते?’’